हरलेल्याची टोपी

"अंकल, ती टोपी काढा आधी. दारातून शिरायची नाही," मर्ल म्हणाली.

"टोपी हरलेल्यानं काढायची असते, पोरी!" क्लीटस गुरकावला आणि झालरी सावरत, तिरका होऊन व्हरांड्यात शिरला.

कार्निव्हलचा मंगळवार होता. सकाळपासून तो बेलमाँटच्या कोपऱ्यावर ताटकळला होता. लोक फोटो काढत होते, टाळ्याही वाजवत होते. त्याच्या आव्हानाला उत्तर मात्र कुणी देत नव्हतं.

क्लीटसनं आयुष्यात काय केलं नव्हतं? कॅलिप्सो गायला, रेडिओवर खलनायक झाला, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तारा वाकवून कार्निव्हलच्या राण्यांचे पंख केले. पाट्यांवर दुसऱ्यांनी रंग फासला, पंख दर वर्षी कार्निव्हल संपला की राखेच्या बुधवारी कचऱ्यात गेले. बायको गेली, मुलगी टोरांटोची झाली. उरलं ते हे दरोडेखोराचं सोंग. छत्रीएवढी टोपी, काळी झूल, समोरच्याला अडवायची शिट्टी आणि तोंडभर फुशारक्या. पण हे सोंग एकट्यानं रंगत नाही. समोर दुसरा दरोडेखोर लागतो. ज्याचे शब्द आधी संपतील, त्यानं टोपी काढून वाट द्यायची आणि तसंच बोडक्या डोक्यानं घरी जायचं. त्याच्यासमोर जन्मभर उभा राहिला तो वॉल्विन. आता तेवढा एकच उरला होता आणि नाताळात त्याला अर्धांगाचा झटका आला होता.

"बाबा सुधारतायत म्हणालीस ना फोनवर?" क्लीटसनं विचारलं.

"जेवतात स्वतःच्या हातानं. बोलणं मात्र..." मर्लनं मान हलवली.

वॉल्विन खुर्चीत बसला होता. गळ्यात त्याची शिट्टी होती. सकाळीच खुणा करून मागून घेतली होती म्हणे.

क्लीटसनं झूल झटकली. "थांब, माणसा! मी जन्मलो त्या दिवशी सूर्य घाबरून उशिरा उगवला! आईच्या दुधाआधी मी समुद्र प्यालो! माझ्या शिंकेनं बेटं बुडाली! बोल, तू कोण?"

वॉल्विनचे ओठ हलले. घशातून घरघर आली, हनुवटीवर लाळ ओघळली. त्यानं पुन्हा जोर लावला, मग नजर खाली घातली. त्याला लाज वाटत होती.  असं जिंकायला क्लीटस आला नव्हता.

"आणि... आणि माझ्या तलवारीनं..." तो अडखळला. "छे! पुढचं काय रे ते? गेलं बघ डोक्यातून."

वॉल्विननं मान वर केली. हे भाषण त्यालाही पाठ होतं. तो बराच वेळ क्लीटसकडे रोखून बघत राहिला. मग शिट्टी ओठांशी नेली आणि फुंकली. बारीक वाजली, पण वाजली.

क्लीटसनं टोपी काढली आणि बाजूला होऊन वाट दिली.

परतताना कोपऱ्यावर नारळवाल्या रामलोगननं हाक मारली. "अरे, टोपी हातात? तुला हरवणारा राहिलाय कोण आता?"

"वॉल्विन आहे की!" क्लीटस ताठ मानेनं म्हणाला.

घर दूर होतं. डोक्यावर ऊन तापत होतं आणि टोपी हातात जड झाली होती. बघायला कुणी नव्हतं, तरी त्यानं ती घातली नाही म्हणजे नाहीच.