मीनामावशीचं लेझर आणि तेजलताईचा गाल

मीनामावशीचं पार्लर सिडकोत, तिच्या घराच्या पुढच्याच खोलीत. शाळा सुटली की मी तिथेच पडीक असते. गेल्या महिन्यात गॅदरिंगचं सूत्रसंचालन केलं, तेव्हापासून माझं तोंड बंदच होत नाही, असं आईचं म्हणणं. खरंच आहे ते. मला माझाच आवाज आवडायला लागलाय!

तर मावशीने ऑनलाइन एक लेझर मागवलं, चेहऱ्यावरचे डाग घालवणारं. दिसायला जाडसर पेनासारखं, टोकाला निळा दिवा. मोबाइलवर दोन दिवसांचा कोर्सही तिने केला होता. पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं होतं, समोरच्या बिल्डिंगमधली तेजलताई. ती अंबडला कंपनीत कामाला जाते. तिच्या साखरपुड्याला पंधरा दिवस उरलेले, आणि डाव्या गालावर मसुरीएवढे दोन तपकिरी डाग. फोटोत ते दिसायला नकोत, एवढंच तिचं मागणं. येत्या शनिवारी काढून देते, असा मावशीने शब्द दिला होता.

आदल्या रविवारी दुपारी मावशी प्रॅक्टिस करत होती. केळ्यावर! सालीवरच्या एकेका ठिपक्यावर ती पेन टेकवायची, चर्र आवाज यायचा आणि खोलीभर करपलेला वास.

"बघ राखी, गेला की नाही ठिपका?"

"गेला. पण कालचं केळं बघ ना. ठिपक्याच्या जागी केवढा काळा डाग पडलाय."

"ते केळं आहे गं."

"मग त्याच्यावर प्रॅक्टिस कशाला करतेस?"

"जास्त शहाणपणा नको. मशीनबरोबर आलेलं ते पुस्तक घे, इंग्रजीत आहे. काय लिहिलंय ते सांग."

मी माईकसमोर उभी असल्यासारखं खणखणीत वाचलं आणि मराठीत सांगितलं. सावळ्या त्वचेवर जपून वापरा. आधी झाकल्या जागी थोडंसं करून बघा, काही दिवस थांबा. नाहीतर डाग आणखी गडद होऊ शकतो.

"असं सगळ्यांवरच लिहिलेलं असतं," मावशी म्हणाली. "शाम्पूवर पण असतं."

"पण आपण सगळे सावळेच आहोत की. तेजलताईसुद्धा."

मावशीने नवं केळं उचललं. मग मी बाही वर केली आणि हात तिच्यापुढे धरला. माझ्या कोपराखाली एक छोटा ठिपका आहे.

"माझ्यावर कर. मला नाही भीती वाटत!"

"वेडी आहेस का तू? हाताला कायमचा डाग पडला तर? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

एवढं बोलली आणि थांबली. हातातलं केळं तिने हळूच खाली ठेवलं. मी बाही खाली केली.

थोड्या वेळाने तिने स्वतःच्या मनगटावरच्या एका ठिपक्याची जागा पुसून घेतली, ओठ घट्ट मिटले आणि पेन टेकवलं.

बुधवारपर्यंत खपली धरली. शुक्रवारी ती पडली. खाली ठिपका नव्हता, पण त्याच्या दुप्पट मोठा काळपट गोल होता. मावशीने तो खिडकीजवळ जाऊन पाहिला, ट्यूबखाली पाहिला.

शनिवारी तेजलताई आली ती थेट खुर्चीत बसली, केस मागे बांधले आणि डोळे मिटले.

"मावशी, दुखणार असलं तरी चालेल. सुरू करा."

"तेजल, डोळे उघड," मावशी म्हणाली. "माझ्याच्याने हे होणार नाही."

"म्हणजे? मशीन तर आलंय ना? आठ दिवस वाट बघतेय मी!"

मावशीने मनगट पुढे केलं. तेजलताईने ते धरून उजेडात नीट पाहिलं. मग आरशात स्वतःच्या गालाकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"हे मीच केलंय, माझ्या हाताने," मावशी म्हणाली. "तुझ्या गालावर नाही करणार. आपण त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊ, मी येते बरोबर. लेझर करायचं का आणि कधी, ते डॉक्टर सांगतील. साखरपुड्याआधी होईल असं मी आता म्हणणार नाही. त्या दिवशी मेकअप मात्र मी करीन. ते मला येतं, तुला माहितीये."

तेजलताईने डोळे पुसले आणि केसांचा रबर सोडला.

"सोमवारी माझी सेकंड शिफ्ट आहे. सकाळी जमेल?"

"दहाला निघू."

"मी पण येणार!" मी म्हणाले.

"तू शाळेत जाणार," दोघी एकदम म्हणाल्या.