चुणीदार नेच्याची वाटणी

कुंडीतून गड्डा बाहेर येताच जो दर्प सुटला, त्याला नुसती दुर्गंधी म्हणणे हे सौजन्य ठरेल. तुंबलेल्या गटारात कोबी कुजावा आणि त्यावर कोणी शेणखत ओतावे, तसा तो थर्झा येलंड यांच्या नीटनेटक्या अंगणात पसरला. मी नाकाला रुमाल लावला.

हा नेचा थर्झामावशींच्या वडिलांना इथल्याच, इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातल्या एका ओल्या बांधावर सापडलेला. जिभेसारखी लांब पाने आणि त्यांच्या काठांना झालरीसारख्या दाट चुण्या. त्याला बीजाणू धरत नाहीत. एरवी गड्डा फोडूनच तो वाढवतात, आणि आता हा एकच उरला होता. दोन वर्षांपूर्वी मावशींचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा नेचे वाढवणाऱ्या आमच्या मंडळातल्या हेडली गॅमनने तो सांभाळायला नेला. पुढच्याच वसंतात गड्डा फोडून द्यायचे त्याने कबूल केले होते.

त्याने फोडला नाही. आमच्या जुलैच्या प्रदर्शनात भरगच्च कुंडीला चषक मिळतो. म्हणून त्याने दुप्पट मोठी कुंडी घेतली आणि कोंबांचे माथे बुडेपर्यंत शेणखत चेपले. माथा उघडा राहिला पाहिजे, हे आमच्या नेचामंडळातला नवखा सभासदही जाणतो. हेडली तर पूर्वी प्रदर्शनाचा परीक्षक होता.

"हिवाळा फार ओला गेला रे," तो म्हणाला.

"खत हिवाळ्याने चेपलं का?"

"तू चिटणीस आहेस, न्यायाधीश नव्हेस."

"भांडा नंतर," काठीवर रेललेल्या मावशी म्हणाल्या. "आत काय उरलंय ते सांगा आधी."

मी गड्डा बादलीत धुतला. मुळे जवळजवळ नव्हतीच. त्यांच्या जागी भुंगेऱ्याच्या पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या होत्या, बोट लागताच अर्धगोल वळणाऱ्या. मी एकेक वेचून चिरडली. कोंब पाच होते. त्यांतले चार दाबताच पातळ खळीसारखे बोटांतून निसटले. पाचवा दाबला, तर त्यातूनही तपकिरी पाणी आले.

"संपला," मी म्हणालो.

"चषकाबरोबरचा फोटो आहे माझ्याकडे," हेडली पुटपुटला. "मोठा करून देईन, मावशी."

अळ्यांची मला इतकी किळस आली नव्हती.

"फोटोला पाणी घालू का मी?" मावशी कडाडल्या. "बाह्या वर कर आणि बस खाली. जुन्या पानांचे देठ शोध. बाबा मेलेल्या गड्ड्याच्या देठांतूनही नवी रोपं काढायचे. मोडल्यावर आत हिरवा दिसेल तो ठेव."

"हातमोजे आहेत का?"

"हातमोज्यातून मऊ-कडक कळतं होय रे?"

त्याने कोपरापर्यंत हात त्या लिबलिबीत राड्यात घातले. मला त्याची तिळमात्र दया आली नाही. सुमारे चाळीस देठ निघाले, त्यांतले अकरा आतून हिरवे होते. मी ते धुऊन, बुडखा वर करून, मुरंब्याच्या बरणीत, उकळून गार केलेल्या वाळूत रोवले आणि झाकण घट्ट लावले.

जूनच्या मध्यापर्यंत चार देठ काळे पडले. उरलेल्या सातांच्या बुडख्यांवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे फुगवटे आले, आणि पुढे त्यांतून नखाएवढी पाने फुटली.

"तीन तुझे, तीन माझे," मावशी म्हणाल्या, "आणि एक हेडलीचा."

"त्या माणसाला? मावशी, हा शुद्ध अविवेक आहे!"

"माझं वय अठ्ठ्याहत्तर, तुझं सत्तर. तो पन्नाशीतला आहे. नेच्याला कोणीतरी मागे उरायला हवं की नको?"

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः त्याच्या वाट्याची अंगठ्याएवढी कुंडी हेडलीच्या दारी नेली. त्याने ती उजेडात धरली, डोळे बारीक केले. पश्चात्तापाचा एखादा शब्द येईल, म्हणून मी थांबलो.

"यंदा प्रदर्शनात लहान कुंड्यांचा वेगळा वर्ग आहे ना रे?" त्याने विचारले.

मी कुंडी त्याच्या हातातून काढून घेतली आणि फाटकाकडे वळलो.

"अरे, गंमत केली! ऐक तर!"

मावशींना काय सांगायचे, ते मला सुचत नव्हते. तरीही मी मागे वळलो नाही.