दारावरचा नवा ओरखडा

गाडी दादाच्या नावावर होती आणि धाकटीच्या हातात. हातात हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा; कारण तिचे पाय चालत नसत आणि वेग व ब्रेक ही दोन्ही कामे ती स्टिअरिंगशेजारच्या एका दांड्याने करी. शिवणयंत्रे दुरुस्त करणे हा तिचा धंदा. बिघडलेली यंत्रे तिच्या घरी चालत येत नसत, तिलाच त्यांच्याकडे जावे लागे. तेव्हा गाडी गेली की धंदा गेला, हे उघड होते.

दादा निवृत्त शाळातपासनीस. त्याला आधी दोष दिसे आणि मागाहून वस्तू. त्या दिवशी त्याने गाडीचे दार उघडले आणि आतल्या काळ्या प्लास्टिककडे बोट दाखवले. धाकटी सीटवर बसल्यावर आपल्या चाकाच्या खुर्चीची चाके काढून मागे टाकी आणि उरलेला सांगाडा छातीवरून ओढून शेजारच्या सीटवर ठेवी. त्या ओढाताणीत खुर्चीचा पाय ठेवायचा पायटा दारावर घासे. साऱ्या दारावर पांढऱ्या रेघांचे जाळे झाले होते.

“ही गाडी आहे की मांजरांचा आखाडा?” दादा म्हणाला. “हे ओरखडे काय सांगतात? तुला झेपत नाही, हेच सांगतात. रविवारी एक गिऱ्हाईक येतंय. गाडी विकून टाकू. तुला जायचं असेल तिथे मी नेईन.”

“ओरखडे बोलत नाहीत, दादा. तूच बोलतोयस.”

“मग दार कारखान्यातून आल्यासारखं करून दाखव. पुन्हा विकायचा विषय काढला तर माझं नाव बदलीन.”

“वहिनी, ऐकलंत ना?”

“ऐकलं,” वहिनी म्हणाली. “लग्न झाल्यापासून यांचं एवढं एकच वाक्य मी जपून ठेवणार आहे.”

ओरखडा म्हणजे वस्तूचा काही अंश नाहीसा होणे, असा समज आहे. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. प्लास्टिक कोठे गेलेले नसते. ते फक्त उखडून पांढरे पडलेले असते आणि बेताची ऊब मिळाली की निमूटपणे आपल्या जागी बसते. धाकटीने दार साबणाच्या पाण्याने धुतले, कोरडे केले आणि गरम हवा फेकणारी हीट गन वीतभर अंतरावरून सारखी हलती ठेवत फिरवू लागली. एकेक रेघ काळवंडत विरून गेली. काम उत्तम चालले होते. परंतु मध्येच दादाला मनातल्या मनात एक फर्मास उत्तर देण्यात ती गुंतली आणि तिचा हात थांबला. तेवढ्यात त्या जागेवरची बारीक खरखर वितळली. दादाच्या टकलासारखा एक गुळगुळीत, चकाकता डाग उमटला.

“इथेही आलास का!” ती दाराला म्हणाली.

चकाकी पुसून जात नाही. तेथे खरखर पुन्हा उठवावी लागते. गाडीतल्या समोरच्या खणाच्या खालच्या बाजूला, जेथे कोणी वाकून पाहत नाही, तेथले प्लास्टिक अद्याप कोरे होते. सुकल्यावर रबरासारखा होणारा एक लगदा तिने तेथे थापला आणि त्या खरखरीचा ठसा घेतला. मग डाग पुन्हा मऊ करून तो ठसा त्यावर दाबून धरला. बोटे पोळली. ठसा सोलून काढला तेव्हा डाग कोठे होता, हे तिलाही शोधावे लागले.

रविवारी दादा टॉर्च घेऊन आला. त्याने दारावरून आधी अंगठा फिरवला, मग नख. नेमक्या डागाच्या जागीही नख थांबले नाही.

“झकास,” तो म्हणाला, आणि धाकटी हसणार तोच पुढे म्हणाला, “आता तर कुणीही डोळे मिटून घेईल. तू चालवलीस की पुन्हा तेच होणार. त्यापेक्षा अशी आहे तोवरच देऊन टाकू.”

“अहो, शब्द दिला होतात!”

“तो दाराबद्दल होता. दार टिकण्याबद्दल नव्हता.”

धाकटीने खुर्ची दाराशी आणली. दोन्ही हातांवर भार देऊन ती सीटवर सरकली. चाके काढून मागे टाकली. वहिनीने घाईघाईने आपला रुमाल दारावर धरला.

“राहू द्या, वहिनी.”

तिने सांगाडा ओढला. पायटा कर्रर्र करीत दारावरून गेला आणि नव्याकोऱ्या काळ्या रंगावर एक लांब पांढरी रेघ उठली.

“हा बघ,” ती म्हणाली. “ओरखडा म्हणजे मी चढले. दारावर नवा ओरखडा दिसला नाही, की मग माझी काळजी करायला ये. जुने मी पुसत जाईन. मला येतं ते.”

दादाच्या खिशातला फोन वाजला. गिऱ्हाईक पत्ता विचारीत होते.

“काय सांगू याला?”

“आहे ते सांग.”

त्याने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग तपासनिसाच्या जुन्या, कोरड्या आवाजात फोनमध्ये म्हणाला, “गाडी वापरात आहे.”

तोवर वहिनी मागच्या सीटवर चाकांशेजारी जाऊन बसली होती. “मला बाजारात सोड गं,” ती म्हणाली. “हे येतील चालत. रस्ता तपासत तपासत.”

दादाचा हात अजून दारावरच होता.

“हात काढ,” धाकटी म्हणाली. “दार लावायचंय.”

त्याने हात काढला.