फळीपर्यंतचा हात

मित्रांनो, उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या गजाला गाठ मारलेला जो मळका, चिरा पडलेला व्यायामाचा रबरी पट्टा दिसतो, तो मी. एके काळी माझा रंग लिंबासारखा पिवळा होता. आमच्या जातीत रंगावरून ताकद ओळखतात, आणि पिवळा त्यातला नरम. मला कितीही ताणा, मला दुखत नाही. फार दिवस मला यात मोठेपणा वाटायचा.

बाजारातल्या दुकानदाराने भल्यामोठ्या गुंडाळीतून मला कात्रीने कापलं आणि पायलच्या हातात ठेवलं. "एकदम सॉफ्टवाला है, माताजी आराम से खींचेंगी," तो म्हणाला. माताजी म्हणजे पायलच्या सासूबाई, गयाबाई. त्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायच्या. कापडाचा गठ्ठा माळ्यावर चढवताना त्यांच्या उजव्या खांद्यात आतला एक स्नायू थोडा फाटला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको. थोडी विश्रांती, गोळ्या आणि मग नेमाने व्यायाम.

व्यायाम शिकवायला मनाली नावाची फिजिओथेरपिस्ट घरी यायची. कोपर कमरेला चिकटवायचं, काखेत नॅपकिनची गुंडाळी धरायची आणि मला हळूच बाहेर ओढायचं. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची.

"मावशी, दुखतं का?" मनाली विचारायची.

"काय नाय."

"आणि आता?"

"काय नाय."

गयाबाईंचे यजमान भगवानराव आदल्याच पावसाळ्यात वारले होते. तेव्हापासून त्या ना रडल्या होत्या, ना कुणावर चिडल्या होत्या. ताटात पडेल ते जेवायच्या, सांगितलं की मला ओढायच्या. मला वाटलं, ही बाई माझ्यासारखीच, रबराची.

पायल गुणाची पोर. सासूबाईंची वेणी ती घालायची, पाठीवर साबण ती लावायची. वरच्या मांडणीवरचे डबे तिने ओट्यावर आणून ठेवले. गयाबाईंनी हात जरा उचलला की ही धावलीच. "राहू द्या ना आई, मी करते." पण अति तिथे माती. हळूहळू व्यायामही राहून गेला आणि मला गाद्यांची वळकटी बांधायला लावलं. मी तक्रार केली नाही. कुणाकडे करणार?

घरात एक फळी आहे. तिच्यावर बुद्धाची मूर्ती आहे. भगवानराव ताडमाड, त्यांनी ती आपल्या उंचीच्या मानाने ठोकलेली. त्यांच्यामागे रोज संध्याकाळी गयाबाई टाचा उंचावून तिथे मेणबत्ती लावायच्या. खांदा गेल्यापासून ते कामही पायलकडे आलं. एकदा मुलगा मुकेश ड्रिल घेऊन आला. "आई, फळीच खाली घेतो ना, टेन्शनच नको."

"फळीला हात लावायचा नाय!" गयाबाई कडाडल्या. "ह्यांनी लावलीय ती."

इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. फळी खाली येणार नव्हती आणि त्यांचा हात वर जात नव्हता.

पुढच्या खेपेला मनालीने हात उचलून पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "घरी काम काय काय करतात?"

"काहीच करू देत नाही मी, फळीवरची मेणबत्तीसुद्धा मीच लावते," पायल अभिमानाने म्हणाली.

"मग खांदा तरी काय करणार? तो आखडत चाललाय, पायल. असंच राहिलं तर त्या फळीवर तूच मेणबत्ती लावणार, कायमची."

पायलचा चेहरा पडला. त्याच संध्याकाळी तिने मला सोडवून गजाला बांधलं. हलके डबे हळूहळू एकेक कप्पा वर गेले. वेणी गयाबाई स्वतः घालू लागल्या. वाकडी यायची, पण यायची. पायलचे हात मात्र शिवशिवायचे, म्हणून ती ते पाठीमागे धरून उभी राहायची. भिंतीवर बोटांचे तेलकट डाग फळीच्या दिशेने चढत गेले. माझ्या अंगावर चिरा पडल्या त्या याच दिवसांत.

वैशाखी पौर्णिमेच्या संध्याकाळी पांढरी साडी नेसून गयाबाई फळीखाली उभ्या राहिल्या. पेटती मेणबत्ती उजव्या हातात. हात खांद्यापर्यंत गेला, कानापर्यंत गेला, तिथे अडला. पायल एक पाऊल पुढे आली आणि थांबली. गयाबाईंनी टाचा उचलल्या. मेणबत्ती फळीवर टेकली.

हात खाली आला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "दुखतंय गं, पायल."

"खांदा? थांबा, शेक आणते."

"खांदा नाय गं." त्या फळीकडे बघत राहिल्या. "केवढी उंच लावून गेले बघ." आणि त्या मोठ्याने रडल्या. पायलने तेव्हा मात्र पाठीमागचे हात सोडले आणि त्यांना जवळ घेतलं.

त्या दिवशी मला, कधीच न दुखणाऱ्या रबराला, गयाबाईंचा हेवा वाटला.

मित्रांनो, मला उन्हात टाकू नका, तेलकट हातांनी ओढू नका, रबर तडकतं. आणि घरात कुणाचा हात दुखत असेल, तर त्याच्या वाटचं सगळंच काम काढून घेऊ नका. त्याच्या जवळ उभे राहा, पायल उभी होती तसे.