मनापासून विचारलेला प्रश्न

मुलुंड पूर्वेच्या आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धर्माचा विषय निघाला की शीतल सहसा गप्प बसायची. पण बुद्धपौर्णिमेला दुसऱ्या मजल्यावरच्या सुबोधने तिला नावानिशी विचारलं, "शीतलताई, राग मानू नका. तुम्ही बौद्ध लोक देव मानत नाही, मग बुद्धाच्या मूर्तीपुढे हात कोणाला जोडता? मनापासून समजून घ्यायचंय."

इतकं नम्र विचारलं म्हटल्यावर उत्तरही नीट द्यायला हवं. शीतलने घाटकोपरला वडिलांना फोन केला. धोंडिराम जन्मभर पंखे दुरुस्त करत आलेले, हल्ली नजर अधू. त्यांनी उत्तर आवाजातच रेकॉर्ड करून पाठवलं, अडखळत, चार मिनिटं. "बाळा सुबोध, हात आम्ही मागायला नाही जोडत. माझी बायको गेली तेव्हा मी बुद्धवंदना म्हटली. ती परत येणार नव्हती, ठाऊक होतं. पण मन थाऱ्यावर आलं."

शीतलने ते ग्रुपवर टाकलं. सुबोधने लिहिलं, "काका, डोळ्यांत पाणी आलं."

तीन दिवसांनी शेजारच्या अक्षताने शीतलला जिन्यात थांबवलं. तिचा नवरा सुबोधच्या मित्रांच्या वेगळ्या ग्रुपात होता. तिने मोबाइलच पुढे धरला. बाबांचा आवाज तिथे पोचला होता. वर सुबोधने लिहिलेलं, "म्हाताऱ्याचं प्रवचन ऐका. कसा गळाला लागला!" कुणीतरी त्यांच्या अडखळण्याची नक्कल करून टाकली होती, आणि त्याखाली सगळे खिदळत होते.

शीतलचं डोकं फिरलं. ती तशीच अनवाणी सुबोधच्या दारात गेली.

"अहो ताई, मित्रांतली गंमत ती," तो म्हणाला. "आपल्या ग्रुपवर मी एक तरी वाकडा शब्द बोललो का?"

"बोलायला हवा होतास! पटत नाही, असं तोंडावर सांगायचंस. कडाकडा भांडलो असतो. पण तू पाया पडता पडता खिसा कापलास रे!"

"आवाज खाली, ताई. घरात पाहुणे आहेत."

तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा माफीनामा आला, "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व." शीतलने खाली लिहिलं, "असतील नाही, दुखावल्यात. आणि कुणाच्या नाही, माझ्या बाबांच्या. त्यांचं नाव घेऊन माफी माग." सेक्रेटरीने तिचा मेसेज उडवला आणि वर बजावलं, "ग्रुपवर सभ्यता पाळावी." सुबोधचा माफीनामा मात्र तसाच राहिला, अंगठे गोळा करत.

संध्याकाळी ती घाटकोपरला गेली. धोंडिराम वाटच बघत होते. "त्या पोराने पुढं काही विचारलं का गं? मी दोन गोष्टी आठवून ठेवल्यात."

लपवावं असं तिला क्षणभर वाटलं. मग तिने सगळं सांगितलं, नकलेसकट.

धोंडिराम ताठ बसले. म्हणाले, "फोन लाव त्याला. तुमची ती नक्कल माझ्या तोंडावर करून दाखवा म्हणावं."

तिने लावला. सुबोधने कट केला.

"परत लाव," धोंडिराम म्हणाले.