सात वाट्यांचा रेडा

रोज सकाळी चहात साखर ढवळताना पाक जुहदींना त्या पत्राची आठवण व्हायची. खरं तर आठवायची गरज नव्हती, कारण ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच असायचं. आठ महिने झाले होते. सदरा धुवायला पडला की पत्र दुसऱ्या सदऱ्यात मुक्कामाला जायचं. पोस्टात उत्तर मात्र जायचं नाही.

पाक जुहदी, म्हणजे जुहदीकाका, शाळेतले निवृत्त ग्रंथपाल. आयुष्यात त्यांनी एकच कादंबरी लिहिली. पंधरा वर्षांचा मेगात, सात कुटुंबांनी वाटे घालून घेतलेला गावाच्या कुर्बानीचा रेडा तराफ्यावर घालून एकटा समुद्र ओलांडतो, अशी तिची गोष्ट. ती शाळांना लागली याचा सर्वांत मोठा धक्का त्यांनाच बसला होता. ‘विषय: किशोरांची चिकाटी आणि जबाबदारी’ असं तिच्या पाठीवर छापलं होतं. हे वाचूनच आपण काय लिहिलंय ते त्यांना कळलं.

पत्र पाहांग राज्यातल्या सफुरा नावाच्या नववीतल्या मुलीचं होतं.

‘आदरणीय आजोबा, पान ६१ वर मेगात रेड्याला तराफ्यावर चढवतो. पान ७४ वर वादळ होतं. पान ८० वर मेगात किनाऱ्याला लागतो, एकटाच. रेडा कुठे गेला? पान ९६ वर सातही वाटेकरी कुटुंबं कुर्बानीच्या जेवणावर ताव मारतात. ती काय खातात? मी परीक्षेत लिहिलं, मेगातकडे चिकाटी आहे, जबाबदारी नाही. आमच्या बाईंनी दहापैकी तीन दिले. लेखकानं मान्य केलं तर मार्क वाढवीन म्हणाल्या. वर्गात मला सगळे रेड्याची वकील म्हणतात. लवकर लिहा. पोस्टमन आता मला बघून मोटरसायकल वळवतो.’

पोरीचं बरोबर होतं. पाक जुहदी विसरले होते. बकरी असती तर एक वेळ समजण्यासारखं होतं. अख्खा रेडा विसरले होते. आणि हे कबूल केलं की कादंबरी शाळांतून काढून टाकतील, बाई हसतील, पोरं हसतील, अशी त्यांची खात्री होती.

त्यांनी कच्चे खर्डे पुष्कळ केले. एकात रेडा पोहून दुसऱ्या बेटावर सुखानं नांदू लागला. दुसऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘रेडा हे मेगातच्या बालपणाचं प्रतीक आहे.’ तो त्यांनी बायकोला वाचून दाखवला.

हालिजा तांदूळ निवडत होती. “बरं. मग त्या सात घरांनी काय, प्रतीक शिजवून खाल्लं?”

खर्डा चुलीत गेला.

कुर्बानीच्या ईदेच्या आदल्या दिवशी मशिदीच्या अंगणात गावातच वाढलेला कुर्बानीचा रेडा आला. सात वाटेकऱ्यांत यंदा पाक जुहदीही होते. कमिटीच्या हाजी देरामानांनी सरळ त्यांच्या हातात दावं दिलं.

“जरा धरा. आम्ही खड्डा खणतो, ताडपत्री बांधतो. दहा मिनिटं.”

“मी? अहो, मी रेड्याला कधी...”

“काय चेष्टा करता राव! समुद्रापार रेडा नेणारा माणूस तुम्ही! नातवानं वाचून दाखवलंय मला.”

कादंबरीसाठी आपण रेडा फक्त बसच्या खिडकीतून पाहिला होता, हे पाक जुहदींनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

रेड्यानं त्यांच्याकडे पाहिलं. पूर्ण पुस्तक वाचून झालेल्या वाचकासारखं पाहिलं. मग तो चालू लागला. धावला नाही, उधळला नाही. कुणाला वेळ दिलेली असावी तसा निघाला.

“जरा थांबता का?” पाक जुहदी म्हणाले. घाबरले की ते सगळ्यांनाच अहोजाहो करत.

तो थांबला नाही. एका हातात दावं आणि दुसऱ्या हातात कमरेच्या सरोंगची सुटू पाहणारी गाठ धरून ते मागे निघाले. रस्त्याकडेला माशाच्या कांड्या तळणारी मेक ङाह हातात झारा घेऊन बाहेर आली.

“पाक जुहदी, कुठे निघालात?”

“ते... यांना विचारा.”

“सोडा की मग! या वयात कशाला ओढून घेताय?”

“सात जणांचा आहे!” ते ओरडले. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळलं.

पाटाच्या चिखलात एक चप्पल गेली. दुसरी त्यांनी स्वतःच सोडली, एकीचा उपयोग काय. रेडा रस्ता ओलांडून तालुक्याच्या पोस्टापुढे आला आणि तिथलं जास्वंदीचं कुंपण खाऊ लागला.

पोस्टातली मुलगी धावत आली. “आजोबा, जनावर आत आणता येणार नाही!”

“आणत नाही. मला फक्त...” पाक जुहदींनी दम घेतला. हात खिशावर गेला. पत्र कोरडं होतं. “मला कागद मिळेल? आणि पाकीट, तिकीट?”

दावं मनगटाला गुंडाळून, रेड्याच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं.

‘प्रिय सफुरा, तुझं बरोबर आहे. रेडा मी विसरलो. आज तासभर मी एक रेडा धरून आहे. दावं हातात असलं की रेडा विसरता येत नाही. म्हणजे मेगातच्या हातात मी दावं दिलंच नव्हतं. बेजबाबदार तो नाही, मी. बाईंना हे पत्र दाखव आणि दहापैकी दहा घे. जेवायला काय होतं ते मलाही ठाऊक नाही. बहुधा मासे असावेत. अक्षर हलतंय, कारण टेबल चरतंय. उशीर झाला, माफ कर.’

तेवढ्यात हाजी देरामान मोटरसायकलवरून आले. “अहो, जुहदी! हा रोज इथे जास्वंद खायला येतो आणि आपला आपण परत जातो. सोडून द्यायचा होता!”

“हे मला कुणी सांगितलं?” पाक जुहदी म्हणाले. “हे धरा.”

“द्या.”

“नीट धरा. दोन्ही हातांनी.”

हाजींनी दोन्ही हातांनी धरलं. ते पाहून झाल्यावरच पाक जुहदी अनवाणी पेटीपाशी गेले, पाकीट आत टाकलं आणि ते खरंच पडलं ना हे बघायला मनगटापर्यंत हात आत घातला.