शिक्का आतल्या बाजूला

पिशव्या शिवणाऱ्या मास्तरांना पोलीस ठाण्यात बसून दोन तास झाले होते, तरी आपण नेमकं काय केलं हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. भंगारवाल्याकडून त्यांनी जाड कापडाची बारा जुनी पोती घेतली, कापून चाळीस पिशव्या शिवल्या आणि दुकानात टांगल्या. पोती निघाली टपाल खात्याची, गोदामातून चोरलेली. भंगारवाला पसार झाला आणि सापडले मास्तर.

"चोरीचा सरकारी माल जवळ बाळगणं गुन्हा आहे," साहेब म्हणाले. "चोरीचा आहे हे माहीत असेल तर तुरुंग. माहीत नसेल तर सुटाल."

"माहीत नव्हतं, साहेब."

"मग टपाल खात्याचा शिक्का आतल्या बाजूला का लपवला? चाळीसच्या चाळीस पिशव्यांत?"

मास्तर गांगरले. छाप आत घ्यायची असते, एवढंच त्यांना ठाऊक. तीस वर्षं हात आपोआप तसाच वळत आला होता. पण सांगायला गेले आणि तोंडातून भलतंच निघालं. "छाप दिसली की गिऱ्हाईक पिशवी घेत नाही."

"म्हणजे दिसू नये म्हणूनच," म्हणत साहेबांनी ते लिहून घेतलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मास्तरांना आता स्वतःचाच संशय यायला लागला.

तेवढ्यात त्यांची बायको डबा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं आणि कोपऱ्यातल्या हवालदाराकडे वळली.

"भाऊ, तुमच्या डब्याची पिशवी यांच्याच दुकानातली ना? जरा उलटी करा."

हवालदाराने डबा बाहेर काढून पिशवी उलटी केली. आत पिठाच्या गिरणीची भलीमोठी लाल छाप होती.

"दोन वर्षं वापरतोय," तो ओशाळून म्हणाला. "आत कधी बघितलंच नाही."

साहेबांनी ती पिशवी बराच वेळ न्याहाळली. मग जबाबातलं 'लपवला' खोडून 'सवयीने आत शिवला' असं लिहिलं आणि मास्तरांना घरी जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी साखरेचं रिकामं पोतं मशीनवर घेतलं. छाप आत गेली. त्यांनी टाके उसवले आणि छाप बाहेर घेतली. मग तेही उसवलं. दुपारी बायको आली तेव्हा ते कापड मांडीवर घेऊन नुसतेच बसले होते.

"अहो, काय झालं?"

"कुठली बाजू आत घेऊ," मास्तर म्हणाले, "ते तूच सांग."